हंड्याचे पैसे आले, कपाटाचे द्यावे लागले

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं येतात. मिठागरांच्या कडेची, आगरी वस्तीची. मोरव्यात माझ्या मावशीचं कौलारू घर होतं. ते उतरवून स्लॅबचं बांधायला घेतलं, तेव्हा माळ्यावरचं, पलंगाखालचं, पडवीतलं असं चाळीस-पन्नास वर्षांचं सामान अंगणात आलं आणि भंगारवाल्याला बोलावणं गेलं.

त्याने हातगाडी फाटकाशी लावली, अंगणावरून एक नजर फिरवली आणि सरळ पितळी हंडा उचलला. हंडा मावशीच्या लग्नातला. अंगावर पोचे, बुडाला दोन ठिकाणी डाग दिलेला, आत पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर. काट्याला लावला तर ६ किलो ४०० ग्रॅम भरला. डाग आणि क्षार यांच्यापोटी त्याने २०० ग्रॅम घट धरली, ४६० रुपये किलोने हिशेब केला आणि वरचे दोन रुपये स्वतःलाच सोडून २,८५० रुपये मावशीच्या हातावर ठेवले.

शेजारीच मावसभावाचं कपाट उभं होतं. तीन वर्षांपूर्वी २४,००० रुपयांना घेतलेलं, आरसा लावलेलं, अक्रोडी रंगाचं, गुळगुळीत. भंगारवाल्याने दार उघडलं, लावलं आणि विचारलं, "याच्यात काय आहे?"

कपाट तर रिकामं होतं. मावसभावाला आधी प्रश्नच कळला नाही.

मग त्याने फोनवरून जाहिरात टाकली. पहिल्या दिवशी १२,००० रुपये, चौथ्या दिवशी ८,०००, आठव्या दिवशी ५,०००. दहाव्या दिवशी "या आणि घेऊन जा". दोघं येऊन बघून गेले. तोवर गवंडी दारात उभा. शेवटी एका टेम्पोवाल्याला ७०० रुपये देऊन ते हलवावं लागलं. पन्नास वर्षं पाणी भरलेल्या, ठोके खाल्लेल्या हंड्याने पैसे दिले आणि तीन वर्षांच्या चकचकीत कपाटाने घेतले. हा उलटा हिशेब मला बरेच दिवस सोडेना.

जिना आणि जमीन

घरातल्या प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात. एक, ती वस्तू म्हणून: हंड्यात पाणी राहतं, कपाटात कपडे राहतात. दुसरी, ती ज्याची बनली आहे त्या मालाची. सराफाच्या आणि तांबटाच्या दुकानात या दुसऱ्या किमतीला जुना शब्द आहे, मोड. "मोड देऊन नवं घेतलं" असं आपली आजी म्हणायची ते हेच. जुन्या भांड्याच्या धातूचे पैसे वळते करून वर थोडी भर घालायची आणि नवं भांडं घरी आणायचं.

वस्तू दुकानातून घरात आली की पहिली किंमत जिना उतरायला लागते. पहिली पायरी सगळ्यात उंच असते, कारण 'नवी' हा शब्द त्याच दिवशी गळतो. पुढच्या पायऱ्या लहान असतात. उतरता उतरता पाय जमिनीला टेकतो. मोड ही ती जमीन. वस्तू कितीही जुनी झाली, फुटली, फॅशनबाहेर गेली तरी तिच्याखाली जात नाही.

हंड्याचा जिना लहान आणि जमीन उंचावर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यातही तांब्याचा वाटा मोठा. ते कितीही वेळा वितळवा, धातू थकत नाही. ॲल्युमिनियमचं तर आणखी गमतीचं. खनिजातून नवं ॲल्युमिनियम काढायला वीज प्रचंड लागते, जुनं वितळवून पुन्हा वापरायला त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. म्हणून चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यालाही भंगारवाला कधी नाही म्हणत नाही. घेणाऱ्याला त्यात पातेलं दिसतच नाही, वाचलेली वीज दिसते.

कपाटाचं काय? ते पार्टिकल बोर्डाचं. लाकडाचा चुरा आणि भुसा रासायनिक डिंकात कालवून, गरम दाबाखाली फळ्या काढतात, वर लाकडाच्या नक्षीचा कागद किंवा पातळ पापुद्रा चिकटवतात. गूळ पाण्यात विरघळला तरी आटवून परत गूळ करता येतो, पण भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. पार्टिकल बोर्ड ही भाकरी आहे. चुऱ्यातून डिंक वेगळा काढणं कुणाला परवडत नाही, चुलीत घातला तर डोळे झोंबवणारा धूर होतो. त्यामुळे कपाटाच्या जिन्याखाली जमीन नव्हती, विहीर होती. तळाची किंमत शून्याच्याही खाली, म्हणजे हलवायचा खर्च.

"याच्यात काय आहे?" या प्रश्नाचा अर्थ तेवढाच होता. बिजागऱ्या, हँडल आणि आरसा सोडला तर वितळवण्यासारखं, कापून विकण्यासारखं काहीही नव्हतं.

यंत्रांनाही हाच प्रश्न लागतो. एसी विकायला काढला की पहिला प्रश्न येतो, कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची? थंड किती करतो हे नंतर. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर यांत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, म्हणून जळालेली मोटरही चार पैसे आणते. त्याच वजनाची प्लास्टिकची टाकी मात्र जवळजवळ फुकट जाते.

स्टीलचा डबा आणि लोहचुंबक

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. पत्र्याची गोल चकती कापायची, प्रेसमध्ये दाबून तिला पेल्याचा, डब्याचा आकार द्यायचा, मग पॉलिश. इतकं स्टील आजूबाजूला असूनही मावशीच्या स्टीलच्या डब्यांची रास हंड्यापुढे फिकी पडली. तिला वाटलं भंगारवाला फसवतोय. तो फसवत नव्हता. स्टीलमध्ये बहुतेक लोखंडच असतं आणि मोडीचा भाव त्यातल्या निकेलवर ठरतो. उत्तम प्रतीच्या, '३०४' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त भांड्यांसाठी दोनशे सिरीजचं स्टील वापरतात, त्यात महागड्या निकेलचं बरंचसं काम मँगनीजकडून करून घेतलेलं असतं. दोन्ही सारखीच चमकतात.

भंगारवाल्याच्या खिशात लोहचुंबक असतो तो याचसाठी, पण त्याची धाव तेवढीच. साध्या लोखंडाला तो चटकन चिकटतो, निकेल नसलेल्या काही स्टीललाही चिकटतो. ३०४ आणि दोनशे सिरीज यांतला फरक त्याला नीट कळत नाही. पुढचा मोठा व्यापारी रसायनाचा थेंब टाकून ते तपासतो. दारावरचा भंगारवाला ती जोखीम धरून सगळ्या स्टीलला स्वस्तातला भाव लावतो. मावशीच्या राशीत चार डबे खरोखर उंची असतीलही, पण ते कळायला मार्ग नव्हता आणि न कळण्याची किंमत विकणाऱ्याने भरली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे फ्रीजपाशी तो पुन्हा लागणार आहे.

बोहारीण नेमकं काय मोजायची

दुपारची जेवणं उरकली की डोक्यावर टोपली घेऊन बोहारीण यायची. जुने कपडे द्या, भांडं घ्या. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात या धंद्यात वाघरी समाजाच्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. ओट्यावर बसून एकेक कपडा उलगडायच्या, शिवण ताणून बघायच्या, पँटची चेन वरखाली करायच्या, साडी उन्हात धरायच्या. आपल्याला वाटायचं, किती ही चिकित्सा! ती चिकित्सा म्हणजे या दोन किमतींचं झटपट गणितच होतं. कॉलर ठीक असलेला शर्ट उलटवून, बटणं लावून, इस्त्री करून पुन्हा शर्ट म्हणून विकता येतो, तो वरच्या पायरीचा माल. फाटकं सुती धोतर किंवा चादर गॅरेजात, छापखान्यात यंत्रं पुसायला चिंधी म्हणून जाते, ती मोड. सुताला चिंधी म्हणून तरी मागणी असते, कारण ते तेल पितं. टेरिलीन तेल पीत नाही, त्यामुळे फाटलेल्या टेरिलीनला खाली जमीनच नाही.

शालू, पैठणी निघाली की बोहारणीचा आवाज बदलायचा. खऱ्या जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, तिला सोन्याचा मुलामा. रेशीम विरलं तरी काठ-पदर जाळून चांदी काढता येते. आता बाजारातल्या बऱ्याच साड्यांत तांब्याच्या तारेची किंवा निव्वळ प्लास्टिकची जर असते. लखलखाट तोच, पण जाळून हाती येतो तो चिकट गोळा. पणजीच्या विटक्या शालूला मागणी आणि नातीच्या नव्या कोऱ्या साडीला नाही, त्याचं कारण इतकं साधं आहे.

बोहारीण लुबाडते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. कपडे निवडायचं, धुवायचं, डागडुजीचं, पायपिटीचं काम आणि न खपण्याची जोखीम ती घेते. तिची खरी हुशारी आहे ती पैसा मध्ये न आणण्यात. 'या साडीचे ४० रुपये' असं कुणी म्हटलं तर आपल्याला अपमान वाटतो, कारण आपल्या डोक्यात साडीची खरेदीची किंमत असते. तीच साडी आणि दोन पँटी देऊन पातेलं मिळालं की आपण खूश. साडीची किंमतही कळली नाही आणि पातेल्याचीही. शोरूमची एक्स्चेंज ऑफर हा त्याच टोपलीचा वातानुकूलित अवतार आहे. बंद पडलेल्या फ्रीजचे तिथे ३,००० रुपये 'मिळतात', भंगारवाला १,२०० सांगतो. शोरूमला तुमचा फ्रीज आवडलेला नसतो. वरचे १,८०० ही नव्या फ्रीजवरची सूटच असते, नाव तेवढं वेगळं. म्हणून दुकानात आधी विचारावं, "जुना देणार नाही, मग किती कमी कराल?" बऱ्याचदा दुकानदार हसतो आणि हजारेक रुपये उतरतो.

घेणाऱ्याच्या मनातली वजाबाकी

आता मधल्या पायऱ्यांकडे येऊ. वस्तू चालू आहे, धड आहे, मोडीत घालायची नाही. तरी अपेक्षेच्या निम्मेही पैसे का येत नाहीत?

विकणारा खरेदीच्या बिलापासून मोजतो, घेणारा दुसऱ्या टोकापासून. त्याच्या डोक्यात असतो आजचा नवा आणि त्यातही सगळ्यात स्वस्त नवा. तुम्ही पाच वर्षांपूर्वी किती मोजले याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मधल्या काळात नवी वस्तू स्वस्त झाली असेल, तर तुमची जुनी वस्तू कपाटात पडल्या पडल्या स्वस्त झालेली असते.

चौकट : सहा वर्षं वापरलेला फ्रीज

(आकडे समजण्यापुरते)

तसाच नवा फ्रीज : १८,००० रुपये.
आयुष्य बारा वर्षं धरलं तर निम्मं संपलं. उरले ९,०००.
टेम्पो, दोन हमाल, तिसरा मजला : वजा १,५००. उरले ७,५००.
कॉम्प्रेसर जाण्याची शक्यता चारात एक, गेला तर ६,००० चा खर्च. या धास्तीपोटी वजा १,५००. उरले ६,०००.
वॉरंटी नाही, हप्ते नाहीत, सगळी रोकड आजच : वजा १,०००. उरले ५,०००.
विकणाऱ्याची अपेक्षा : १०,०००.

या वजाबाकीतल्या दोन रकमांबद्दल थोडं बोलायला हवं. पहिली, हमाली. ती वस्तूच्या किमतीप्रमाणे बदलत नाही, वजनाप्रमाणे आणि जिन्याप्रमाणे बदलते. म्हणून हातात मावणारा फोन किंवा मिक्सर गावभर फिरू शकतो, पण जड आणि स्वस्त वस्तू गल्लीबाहेर जात नाही. लिफ्टमध्ये न मावणारा सोफा हा तर घराचाच भाग झालेला असतो. दुसरी, हप्ते. नवा फ्रीज बिनव्याजी हप्त्यांवर दरमहा दीड-दोन हजारांत घरी येतो, जुन्यासाठी पाच हजार एकरकमी काढावे लागतात. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला नवाच 'परवडतो'. हप्त्यांची सोय जसजशी पसरली, तसतसा जुन्या मालाचा बाजार आतून पोखरला गेला, असं मला वाटतं.

सरकारी कागदावरचा हिशेब निराळाच असतो. प्राप्तिकराच्या नियमांत धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूंची झीज ठरावीक दराने धरतात: फर्निचर वर्षाला १० टक्के, यंत्रसामग्री साधारण १५ टक्के, संगणक ४० टक्के, तीही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. मावसभावाचं कपाट दुकानात किंवा कचेरीत असतं, तर तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत १७,४९६ रुपये दिसली असती. अंगणात ती उणे ७०० होती. वहीला वाळवी, दमट हवा आणि टेम्पो यांची कल्पना नसते.

शिवाय ते कपाट एकदा खोलून पुन्हा जोडण्याजोगं नव्हतंच. सागवानात खाचेत कुसू बसवून केलेले जोड दहा वेळा सुटतात आणि दहा वेळा बसतात. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा फिरवून काढला की भोकातला चुरा झडतो आणि दुसऱ्यांदा तो धरत नाही. म्हणजे कपाट वापरून झिजलं नव्हतं, ते जागेवरून हलल्यावर संपणार होतं. घेणाऱ्यांपैकी एकाने बिजागरीचा स्क्रू नुसता अंगठ्याने दाबून बघितला आणि चहा न घेता निघून गेला.

खोट दिसत नाही म्हणून

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, चौथ्याने छापला, आणि २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं मिक्सरवर उतरवून पाहू.

समजा, दहा जण जुने मिक्सर विकायला बसलेत. पाच मिक्सर चांगले, खरं मोल २,००० रुपये. पाचांची मोटर जायला आलेली, मोल ६००. बाहेरून सगळे सारखे. कुठला कसा हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा सरासरी काढतो आणि १,३०० देऊ करतो. चांगल्या मिक्सरवाला म्हणतो, एवढ्यात देण्यापेक्षा घरीच ठेवतो. तो उठून जातो. आता बाजारात उरले बहुतेक खराब. घेणारेही हे ओळखतात आणि भाव ६०० वर येतो. कुणीही लबाडी केली नाही, तरी चांगला माल बाजारातून हद्दपार झाला. जुन्या वस्तूच्या किमतीत ही शंकेची कपात कायम असते आणि तुमची वस्तू कितीही निर्दोष असली तरी ती तुम्हालाच सोसावी लागते.

मोरव्यात या शंकेला खारं परिमाण आहे. समुद्र आणि मिठागरं जवळ असल्याने हवेत मिठाचा अंश असतो. तो पत्र्यावर बसतो, हवेतला ओलावा ओढून घेतो आणि गंज भराभर चढतो. म्हणून इथला जाणता माणूस फ्रीजचं दार उघडत नाही. तो आधी मागे जातो, उकिडवा बसतो आणि कॉम्प्रेसरखालच्या पत्र्यावरून बोट फिरवतो. लोखंडी कपाट असेल तर पुढचे पाय उचलून तळ बघतो. वरून रंग मारता येतो, तळाला कुणी मारत नाही.

ही शंका फेडायचे मार्ग दुकानदारी जगात ठरलेले आहेत: बिल, वॉरंटीचं कार्ड, मूळ खोका, समोर चालवून दाखवणं. सोन्याने हा प्रश्न हॉलमार्कने सोडवला, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने तो बंधनकारक होत गेला. शिक्का असला की कसोटीच्या दगडावरचा वाद बराच मिटतो. मिक्सरला हॉलमार्क नसतो.

गावात मात्र ओळख हाच शिक्का. मावशीचा जुना टेबलफॅन दोन घरं सोडून गेला, ठरल्या भावात, घासाघीस न होता. बिघडला तर मावशीचं दार कुठे आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. मीरा रोडच्या बावीस मजली इमारतीत हीच वस्तू विकायला काढली, तर शेजारच्या फ्लॅटमधल्यालाही ती अनोळखी माणसाची वाटते. माझं निरीक्षण असं की गावात जुनी वस्तू एकतर फुकट जाते, नाहीतर चांगल्या किमतीला; मधला पडेल भाव तिथे फारसा नसतो. पडेल भाव हा अनोळखीपणाचा भाव आहे.

इमारतींमध्ये आणखी एक गोष्ट भाव पाडते: महिनाअखेर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आतून आठ लाखांवर गेली. यातले कितीतरी जण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे. ३० तारखेला घर रिकामं केलं नाही तर डिपॉझिट अडकतं. त्यामुळे २५ तारखेला ६,००० सांगितलेला पलंग २९ तारखेला २,००० ला मिळतो. पलंग तोच, फक्त घाई वाढलेली. घ्यायचं असेल तर महिन्याच्या शेवटी घ्यावं, विकायचं असेल तर १ तारखेच्या आसपास, जेव्हा नवे भाडेकरू रिकाम्या खोलीत सतरंजीवर झोपलेले असतात.

अनोळखी माणसाशी फोनवर सौदा करताना एक सावधगिरी. "सैन्यात आहे, बदली झाली आहे, बघायला येऊ शकत नाही, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कुणी म्हटलं की फोन ठेवावा. यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे जातात.

आपलं ते दुप्पट

विकणाऱ्याच्या मनातही एक गोम असते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा कॉफीचा मग दिला आणि विचारलं, केवढ्याला विकाल? उरलेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. मावसभावाच्या कपाटाला तर तीन वर्षं झाली होती, लग्न त्या कपाटासमोर उभं राहून ठरलं होतं. त्याचे १२,००० कुठून आले ते कळतं.

उलट बाजूने, काही वस्तू वापर न होताच पडतात. अभ्यासक्रम बदलला की पाठ्यपुस्तक एका दिवसात रद्दी. विजेच्या उपकरणांवरच्या ताऱ्यांचंही तसंच: एसीच्या ताऱ्यांचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले आणि आदल्या दिवशीचा पंचतारांकित एसी नव्या मापात चार ताऱ्यांवर आला. डब्यासारख्या टीव्हीचं पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चालू असूनही तो कुणी उचलत नाही.

जमिनीवरून पुन्हा वर

क्वचित एखादी वस्तू जिना परत चढते. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर जन्मभर जुन्या बाजारांतून, वाड्यांतून अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी, गंजिफा, बाहुल्या जमवत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि पुढे राज्य सरकारच्या स्वाधीन केला. यातल्या कितीतरी वस्तू त्या काळी मोडीच्या भावात विकल्या जात होत्या.

गंमत अशी की मोडीचा भाव चढा असतो म्हणूनच अशा वस्तू दुर्मीळ होतात. शंभर अडकित्त्यांतले नव्वद वितळले की उरलेल्या दहांकडे कुणीतरी निरखून पाहतं. पण नुसती दुर्मीळता पुरत नाही. हाताचं काम दिसावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवर मठाराच्या ठोक्यांची नक्षी उन्हात चमकते, ती यंत्राला साधत नाही. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, असंच भांडं दहापट किमतीला दिवाणखान्याची शोभा म्हणून विकलं जातं, आणि काही वेळा कालच ठोकून, चिंचेऐवजी तेजाब लावून 'जुनं' केलेलंही.

मावशीचा हंडा त्यातला नव्हता. मी उगाच निरखून पाहिला, ठोके बिके काही नव्हते, कारखान्यातला साधा माल. तो मोडीतच जायचा.

भंगारवाला निघाल्यावर मावशी ओट्यावर बसून पैसे दोनदा मोजत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "हंडा तरी कुठे नवा होता? माझ्या लग्नात बाबांनी आजीच्या दोन पराती आणि एक तपेलं मोडीत घातलं, वर थोडे पैसे घातले, तेव्हा हा आला." म्हणजे हंड्यातलं पितळ हंड्याहून जुनं होतं. पराती कशाच्या झाल्या होत्या ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी हाक दिली, "कवऱ्याला गेला गं हंडा?"

मावशीने आकडा सांगितला. आजींनी मान डोलावली.

"आन् कपाट?"

मावसभाऊ विटा मोजायला मागच्या बाजूला निघून गेला.